शून्याचं घर, रामाचं माप

धान कापणीला आलं की आमच्या कॉलेजातली हजेरी गळते. सोमवारी वर्गात चाळीस पोरं असतात, गुरुवारी पंधरा-सोळा. उरलेली कुठे गेली हे विचारावं लागत नाही. आठ दिवसांनी परत येतात तेव्हा बोटांवर विळ्याचे चिरे असतात, मान उन्हानं करपलेली असते आणि एखादीच्या वेणीत तणसाची काडी अडकलेली असते. "मॅडम, तब्येत खराब होती," असं सांगतात आणि मीही तसंच लिहून घेते. याच कॉलेजात, याच दिवसांत, मीही असंच खोटं बोललेली आहे. तेव्हा आमच्या सरांनीही तसंच लिहून घेतलं होतं.

यंदा धान कापणीला आलं आणि त्याच आठवड्यात प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं.

"बैठो मॅडम," ते म्हणाले. गोंदियात कुठल्याही कामाच्या गोष्टीला सुरुवात हिंदीतच होते, वाद मात्र मराठीत घालतात. "वो सी का क्या करना है? पोरं नाव घेऊन नाही राहिले त्या पेपराचं. आता अभ्यासक्रम आपला आपण ठरवायचा आहे. तुम्हीच अर्धा पान लिहून द्या. ठेवायची तर ठेवायची म्हणून लिहा, काढायची तर काढायची म्हणून. सोमवार तक दे दो."

सी म्हणजे संगणकाला काम सांगायची एक जुनी भाषा. गणित, हिशेब, याद्या, जे काही करून घ्यायचं ते ओळीओळीनं या भाषेत लिहायचं आणि यंत्रानं ते करायचं. आमच्या वेळी संगणक शिकायचा म्हणजे पहिल्या दिवशी सीच शिकायची, दुसरा रस्ताच नव्हता. आता पुष्कळ रस्ते झाले आहेत. नव्या भाषा हलक्या आहेत, बोलक्या आहेत, दहा ओळींचं काम दोन ओळींत करतात. आमच्या विभागात माझ्याशिवाय दोघं तरुण मास्तर आहेत, दोघंही नव्या भाषेचे. सी शिकवणारी मी एकटी उरले आहे. म्हणजे प्राचार्यांनी मला माझ्याच बुडाखालचा पाट काढायचा की नाही हे विचारलं होतं, आणि शिवाय तो पाट माझा नव्हता. तो बिसेन सरांचा होता. त्यांनीच सी या कॉलेजात आणली, त्यांनीच ती मला शिकवली. तिला बाहेरची वाट दाखवणाऱ्या कागदावर सही माझी असणार, या एका गोष्टीनं माझी झोप उडाली.

कोरा कागद घडी करून मी पर्समध्ये टाकला आणि आठवडाभर तो तसाच वागवत राहिले.

आम्ही शिकत होतो तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग असायचा. आत सहा यंत्रं, त्यांच्यावर शिवून घेतलेल्या कापडी टोप्या, आणि पंख्याखाली बसायला मिळावं म्हणून चाललेली ढकलाढकल. दसऱ्याला प्रत्येक यंत्राला हळदीकुंकू लागायचं, आपट्याचं पान मिळायचं. निळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. आज त्या निळ्याची आठवण झाली की मला अजून खोलीतला तो बंद वास येतो, धूळ, गरम झालेलं प्लास्टिक आणि कोणाच्या तरी डब्यातला लसणाचा ठेचा यांचा मिळून झालेला.

वास यायचा, वीज यायची नाही. भारनियमनाचं वेळापत्रक आमच्या तासिकांच्या वेळापत्रकापेक्षा काटेकोर होतं. अकराला लाईट जायची आणि आमचं प्रॅक्टिकल अकराला असायचं. दुसऱ्या कुठल्या मास्तरांनी सुटी दिली असती. बिसेन सर चपला घालायला सांगायचे आणि बाहेर कडुनिंबाखाली घेऊन जायचे.

"लाईट गेली तं काय झालं?" ते म्हणायचे. "मशीन बंद पडली, तू तं चालू आहेस ना?"

मग वही उघडायची. पानावर उभ्या रेघा मारायच्या, आकडा साठवणाऱ्या प्रत्येक नावाला एक रकाना. कार्यक्रमाची, म्हणजे प्रोग्रामची, एकेक ओळ बोटानं धरायची आणि ती ओळ वाचून यंत्र जे करेल ते आपण करायचं. रकान्यातला जुना आकडा खोडायचा, नवा लिहायचा, पुढच्या ओळीवर जायचं. त्याच ओळी पुन्हा चालवायचा फेरा असेल तर पुन्हा वर यायचं. सर याला 'हातानं चालवणं' म्हणायचे. चाळीस ओळींचा कार्यक्रम हातानं चालवायला पाऊण तास लागायचा आणि शेवटी उत्तर चुकलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून. आम्ही वैतागायचो. पण लाईट आल्यावर तोच कार्यक्रम यंत्रात घातला आणि वहीतलंच उत्तर पडद्यावर आलं, की जो आनंद व्हायचा तसा आनंद मला पुढे पहिल्या पगारालाही झाला नाही.

सर वर्गात कोट घालून यायचे आणि शनिवारी त्याच कोटावर युरियाचं पोतं घेऊन पॅसेंजरनं दरेकसाला उतरायचे. त्यांचं घर त्या बाजूच्या जंगलाला लागून, चार एकर धानाची शेती. कोटाच्या खिशात खडू आणि लाखोळीच्या शेंगा एकत्र असायच्या. आम्ही पाठीमागे हसायचो, समोर कोणाची छाती नव्हती.

तो हंगाम चुरण्याचा होता. कापलेलं धान खळ्यावर आलं होतं आणि घरोघरी मळणी चालली होती. आमच्याकडेही. मी सकाळची कॉलेजला जायची आणि दुपारी घरी आले की थेट खळ्यावर. शेणानं सारवलेली ती गोल जागा, कडेला तणसाची गंजी, धुऱ्यावरच्या तुरींचा पिवळा फुलोरा, आणि मधोमध धानाचा ढीग. तो वाऱ्यावर उफणून झाला की बाबूजी, माझे वडील, मोजायला बसायचे.

मोजणं म्हणजे आमच्याकडे पूजेच्या खालचं आणि बाकी सगळ्याच्या वरचं काम. चपला दूर काढायच्या. ढिगाला पाठ करायची नाही. मोजणी चालू असताना कोणी कोणाशी बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. 'नाही', 'संपलं', 'रिकामं' असले शब्द ढिगाच्या आसपास काढायचे नाहीत, पोतं रिकामं असलं तरी 'पोतं भरायचं आहे' असं म्हणायचं. बाबूजी कुडो भरायचे. कुडो म्हणजे धान मोजायचं लाकडी माप, वीस कुडो झाले की एक खंडी. तळहातानं वरचं धान सपाट करायचं, उचलायचं आणि पोत्यात ओतायचं. पहिल्या मापाला ते 'एक' कधी म्हणाले नाहीत. पहिलं माप म्हणजे 'राम'. मग दोन, मग तीन.

"राम… दोन… तीन… चार…"

बाबूजींचा आवाज एरवी चढा होता, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा. मोजताना मात्र तो खाली यायचा आणि एकाच सुरात चालायचा. मी समोर पोत्याचं तोंड धरून बसायची. धान पडताना हातावर उडणारं बारीक कुस, त्यानं सुटणारी खाज, आणि खाजवायचं नाही म्हणून आवळलेली बोटं. मला वाटतं मी अंक शाळेत शिकलेच नाही. ते मी पोत्याचं तोंड धरून शिकले.

आणि त्यानंच माझा घात केला.

सीमध्ये पुष्कळ आकडे एका रांगेत ठेवायचे असले की घरांची ओळ मांडतात. पाच आकडे, पाच घरं. या घरांना नंबर असतात आणि पहिल्या घराचा नंबर एक नसतो, शून्य असतो. सगळ्या वर्गाला हे विचित्र वाटलं. मला वाटलं नाही. पहिल्याला एक म्हणत नाहीत, वेगळं काहीतरी म्हणतात, हे मला पाळण्यापासून माहीत होतं. मी मोठ्या खुशीत पहिल्या घराला शून्य दिलं. आणि दुसऱ्याला दोन. तिसऱ्याला तीन.

चाचणीत माझं सगळं चुकलं. पाच आकडे घरांत ठेवायचे आणि तेच पाच परत छापून घ्यायचे, एवढंच काम होतं; छापायचा भाग तर आधीच लिहून दिलेला होता. माझ्या पडद्यावर पहिला आकडा बरोबर, दुसऱ्या जागी भलताच कुठलातरी अगडबंब आकडा, मग बाकीचे एकेक घर सरकलेले. एक नंबरच्या घरात मी काही ठेवलंच नव्हतं, तिथे यंत्रात आधीपासून पडलेला कचरा दिसत होता. मी ओळी बदलल्या, पुन्हा लिहिल्या, दुसऱ्या चाचणीत पुन्हा तेच. बाहेरून तपासायला आलेल्या मास्तरांनी लाल रेघ मारली आणि 'मूलभूत गोष्टी कच्च्या' असं लिहिलं.

मी ठरवलं, हे आपलं काम नाही. जीवशास्त्र घ्यावं, बेडूक तरी घरं बदलत नाही. अर्ज लिहून सरांकडे सहीला नेला. लाईट गेलेली होती, सर कडुनिंबाखाली बसून शेंगा सोलत होते. त्यांनी अर्ज वाचला, घडी केला आणि ढुंगणाखाली ठेवला.

"वही आन," म्हणाले.

माझा चुकलेला कार्यक्रम त्यांनी बोटानं वाचला. एकदा, दोनदा. मग शेंगा सोलणं थांबवलं.

"तुह्या घरी धान कोन मोजते वो?"

मला वाटलं आता शेतकऱ्याच्या पोरींनी शेतच करावं असं काहीतरी ऐकावं लागणार. "बाबूजी," मी म्हटलं.

"पयल्या मापाले काय म्हनतेत?"

"राम."

"मंग?"

"दोन."

सर हसले नाहीत. त्यांनी कॅन्टीनमधून पाच वाट्या मागवल्या आणि जमिनीवर रांगेत मांडल्या. "हे तुहं खळं नाही. खळ्यावर राम पयला, त्याच्या मागं दोन, काऊन का रामात एक आहे. इथं शून्य पयला आहे आणि शून्यात एक नाही. म्हनून शून्याच्या मागं एक येते. तू मधलं घर उपाशी ठेवून राहिली आणि पाचवा आकडा शेजाऱ्याच्या घरात टाकून राहिली."

"मग यंत्र चूक सांगत काऊन नाही सर?" मी विचारलं. मला खरोखरच राग आला होता. "शेजाऱ्याच्या घरात टाकला तर ओरडायला पाहिजे ना त्यानं."

"सी नाही ओरडत. तू दुसऱ्याच्या बांधीत धान रोवलं तरी ते गप्प राहते. बांध कुठं आहे ते पाहनं तुहं काम." मग माझा अर्ज काढून त्यांनी त्यात सोललेल्या शेंगा बांधल्या आणि पुडी माझ्या हातात दिली. "जाय. खा. मूलभूत कच्चं नाही तुहं. मूलभूत लई पक्कं झालं आहे, त्याचा तरास आहे."

लाल रेघेच्या त्या मास्तरांना ही चूक कधी कळली नसती. ती कळायला खळ्यावर बसलेला माणूस लागतो. त्या एका दुपारमुळे मी या विषयात राहिले, शिकले, सरांच्याच कॉलेजात सरांच्या शेजारच्या खुर्चीवर आले. ते निवृत्त झाले तेव्हा सी माझ्याकडे आली. बाबूजी गेले, तेव्हा शेत ठेक्यानं दिलं आणि आमच्या दारातलं खळं दर वर्षी थोडं थोडं गवतात गेलं.

मी दर वर्षी वर्गात ती गोष्ट सांगायची. पहिल्या घराला शून्य का, हे सांगायच्या आधी विचारायची, "घरी धान मोजताना पहिल्या मापाला काय म्हणतात?" सुरुवातीला सगळा वर्ग एका सुरात 'राम' म्हणायचा आणि स्वतःशीच हसायचा. काही वर्षांनी अर्धा वर्ग म्हणायला लागला. मग चार-पाच जण, तेही एकमेकांकडे पाहत. आता कापणारं यंत्र येतं, तासाभरात बांधी साफ करतं, धान पोत्यातच पडतं आणि पोतं इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढतं. काटा लाल आकड्यांत वजन सांगतो. त्याला पहिलं काय आणि दुसरं काय. दोन वर्षांपूर्वी पुढच्या बाकावरच्या एका हुशार पोरीनं मला विचारलं, "मॅडम, कुडो म्हणजे काय?" त्या दिवशी मी घरी आले आणि बराच वेळ चहा न करता तशीच बसले. वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं, आणि कोणावर रागावावं ते कळलं नाही.

सीचंही तसंच चाललं होतं. यंदा तिरोड्याकडचा एक पोरगा वर्गात उभा राहिला. उद्धट नाही, सरळ पोरगा. म्हणाला, "मॅडम, आपन सी कायले शिकून राहिलो? मोबाईलले नुसतं बोलून सांगतलं तरी तो प्रोग्राम लिहून देते." आणि त्यानं तिथंच दाखवलंही. अर्ध्या हिंदीत, अर्ध्या आपल्या बोलीत मोबाईलला सांगितलं आणि डोळ्यांचं पातं लवायच्या आत नव्या भाषेतला नेटका कार्यक्रम पडद्यावर उभा.

मी माझं ठेवणीतलं उत्तर दिलं. म्हटलं, बाबा रे, तुझ्या या मोबाईलच्या पोटात खोल उतरून पाहशील तर तिथे सीच बसलेली सापडेल. नव्या भाषा वरच्या मजल्यावर राहतात, पाया तिनं भरला आहे.

"पोटात आहे तं राहू द्या ना मॅडम," तो म्हणाला. "पोटातलं कोन पाहते?"

वर्ग हसला. मीही हसले. खरं सांगायचं तर त्यानं सीबद्दल विचारलं होतं आणि मला ते माझ्याबद्दल ऐकू आलं. पंचेचाळिशी उलटलेल्या मास्तरणीला नवी भाषा येत नाही असं नाही, मी ती शिकले आहे, कामापुरती बरी येते. पण तिच्यात मला कधी राग आला नाही, रडू आलं नाही, कोणी माझ्यासाठी पाच वाट्या मांडल्या नाहीत. शिकलेलं सगळंच आपलं होत नाही.

रविवारी सकाळी मी पॅसेंजरनं दरेकसाला गेले. कागद अजून कोराच होता. सालेकसा मागे पडलं की डोंगर जवळ येतात, डब्यात गारवा शिरतो आणि माणसं आपसूक हळू बोलायला लागतात. मी मनात वाक्यं जुळवत होते. 'सर, काळच तसा आला आहे.' 'सर, माझा नाइलाज आहे.' एकही वाक्य धड वाटेना. बापाला त्याची गाय विकल्याचं सांगायला निघाल्यासारखं वाटत होतं.

सर खळ्यावरच होते. मोठं यंत्र त्या जंगलकडच्या लहान बांध्यांत शिरत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे अजून खळं आहे, ढीग आहे. डोक्याला मफलर, हातात सूप, दाढीचे पांढरे खुंट आणि त्यावर धानाची धूळ. काकूंनी मला पाहिलं आणि उकडलेले सिंगाडे आणून ठेवले. "हे मानूस दुपारच्या आत उठनार नाही," त्या म्हणाल्या. "इथंच बोल काय बोलाचं ते."

मी बोलले. जुळवलेली वाक्यं सगळी विसरले. "सर, सी काढून राहिले कॉलेजातून. आणि तो कागद मलाच लिहून द्यायचा आहे."

सर धान पाखडत राहिले. "मंग? लिहून दे."

"सर, तुम्ही आणली होती ती."

"आनली होती. आनाच्या आधी काय होतं तिथं, सांग." मला आठवेना. "बेसिक नावाची भाषा होती," ते म्हणाले. "माह्या आधीचे गणिताचे सर शिकवत होते. तळहाताच्या फोडासारखी जपत होते. ते बेसिक मीच काढलो. असाच कागद लिहून देलो होतो. दोन वर्ष बोलले नाही ते माह्यासंगं, समोरून आले तं रस्ता बदलत होते."

"मग?"

"मंग काय? त्यांची पोरगी माह्याच वर्गात आली सी शिकाले. तवा बोलाच लागलं." सुपातला कोंडा त्यांनी फुंकून टाकला. "तू कायले रडून राहिली? मी रस्ता नाही बदलत. माह्यानं आता तेवढं चालवतही नाही."

रडू आलं हे मला त्यांच्या बोलण्यावरूनच कळलं. हायसंही वाटलं आणि कुठेतरी लागलंही. त्यांनी थोडं तरी भांडायला हवं होतं. इतक्या वर्षांचं काहीतरी इतक्या सहज सोडतात की काय माणसं?

"चाल, बियाचं धान मोजाचं आहे," सर म्हणाले. बाकीचं पीक पोत्यांनी जातं, पण पुढच्या वर्षीचं बियाणं त्यांच्या घरी अजून कुडोनंच मोजतात. "हिचे गुडघे धरले आहेत. तू मोज. मी भरतो."

मी चपला लांब काढल्या. सारवलेल्या जमिनीचा गारवा तळपायांना लागला आणि सगळं आठवलं, पोत्याचं तोंड कसं धरायचं, अंगठा कुठे ठेवायचा, सगळं. काकू गप्प झाल्या. पलीकडे तणस रचणाऱ्या दोघी बाया थांबल्या. सरांनी कुडो ढिगात खुपसला, भरला, तळहात फिरवून सपाट केला आणि माझ्यासमोर उचलून धरला. आता मोजणारीनं बोलायचं होतं.

मी म्हटलं, "शून्य."

माझ्याच कानांवर माझा विश्वास बसला नाही. बियाण्याच्या ढिगासमोर, ज्या जागी 'संपलं' म्हणायचं नाही तिथे, मी मोठ्यानं, स्पष्ट, वर्गात म्हणते तसं शून्य म्हटलं होतं. तणसाजवळच्या एका बाईनं जीभ चावली. काकूंचा हात तोंडावर गेला. बाबूजी असते तर त्यांनी मला तिथूनच उठवलं असतं.

सरांचा हात तसाच हवेत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मापाकडे. त्यांनी तो कुडो परत ढिगात ओतला, नव्यानं भरला, नव्यानं सपाट केला आणि पुन्हा समोर धरला.

"राम," मी म्हटलं.

धान पोत्यात पडलं. दोन. तीन. चार. मोजणी चालू असताना बोलायचं नाही, हसायचं नाही, म्हणून कोणी बोललं नाही. पण सातव्या मापाला सरांचे खांदे हलताना मला दिसले. अकराव्याला त्यांचे ओठ मफलरात गेले. माझे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. आम्ही दोघं एकमेकांकडे न पाहता वीसपर्यंत गेलो.

खंडी भरली. पोत्याचं तोंड मुरगळून सरांनी त्यावर हात ठेवला आणि मग ते जे हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत हसले. काकूंनी पाणी आणून दिलं.

"एवढी शिकवलो का वो मी तुले?" ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, खोकल्याचं असेल. "बापाचा राम विसरावा, एवढी?"

शिकताना रामानं माझं शून्य चुकवलं होतं आणि आज शून्यानं माझा राम. तो पोरगा म्हणाला होता, पोटातलं कोण पाहतं. कोणी पाहत नाही हे खरंच आहे. वेळ आली की ते आपणहून तोंडाबाहेर पडतं.

"त्या नव्या भाषेत पयल्या घराले काय म्हनतेत?" पाणी पिऊन झाल्यावर सरांनी विचारलं.

"शून्यच, सर. सीपासूनच घेतलं त्यांनी."

"मंग एवढ्या दूर कागद घेऊन कायले आली?" त्यांनी हात पुढे केला. "आन इकडं, पोत्यावर ठेव. मी धरून राहतो. वारा आहे."

बियाण्याच्या पोत्यावर कागद ठेवून मी लिहिलं. पुढच्या वर्षीपासून सी काढावी आणि नवी भाषा घ्यावी, असं. खाली आणखी एक ओळ लिहिली, की नवी भाषा शिकवताना पहिले पंधरा दिवस पोरांना संगणक देऊ नये, वही द्यावी. सरांनी ती ओळ वाचली. कागदाचं एक टोक धरून राहिले, सही होईपर्यंत.

सोमवारी प्राचार्यांच्या टेबलावर मी तो कागद ठेवला. त्यांनी घडी उलगडली तशी आतून धानाचे चार-पाच दाणे काचेवर पडले. "अरे, ये क्या आ गया?" म्हणत ते झटकायला त्यांनी हात उचलला. मी म्हटलं, राहू द्या सर, बियाणं आहे. आणि एकेक उचलायला लागले.

पहिला दाणा उचलताना दोन्ही शब्द एकदमच ओठांवर आले.